सोनोग्राफीतलं बाळाचं वजन किती खरं? कळा आणण्याचा निर्णय घेण्याआधी हे माहीत असू द्या

यवतमाळ : नववा महिना लागला की शेवटची सोनोग्राफी होते. रिपोर्टच्या खालच्या भागात एक ओळ असते, बाळाचं अंदाजे वजन 3600 ग्रॅम. घरी आल्यावर तो आकडा सगळ्यांच्या तोंडी होतो. "पोट्टं लय मोठं हाय म्हन्ते, अडकलं त काय करता?" अशी काळजी सासू, आई, शेजारीण सगळ्याच करू लागतात. दुसऱ्या एखाद्या घरी आकडा 2300 ग्रॅम असतो आणि चिंता उलटी असते, बाळ वाढतच नाही. दोन्ही घरांत पुढचा प्रश्न मात्र एकच. तारखेची वाट पाहायची, की दवाखान्यात भरती होऊन औषधाने कळा आणायच्या?

अनेकदा हा निर्णय त्या एका आकड्यावर घेतला जातो. पण तो आकडा काट्यावर मोजलेला नसतो, तो अंदाज असतो. अंदाज किती चुकू शकतो आणि कोणत्या परिस्थितीत तो महत्त्वाचा असतो, हे गरोदर महिलेला आणि तिच्या घरच्यांना माहीत असलं तर डॉक्टरांशी नीट बोलता येतं.

थोडक्यात

• सोनोग्राफीतलं वजन साधारण 10 टक्के, आणि काही वेळा 15 टक्के किंवा त्याहूनही जास्त, वरखाली असू शकतं.
• मधुमेह नसलेल्या महिलेत "बाळ मोठं वाटतं" एवढ्याच कारणावरून दिवस भरण्याआधी कळा आणण्याची शिफारस जागतिक आरोग्य संघटना करत नाही.
• बीपी, मधुमेह, पाणी जाणं, बाळाची हालचाल कमी होणं, तारीख उलटून आठवडा होणं ही खरी कारणं आहेत. ती असतील तर कळा आणायला नकार देऊ नये.
• सुरुवातीच्या सोनोग्राफीचा रिपोर्ट जपून ठेवावा. प्रसूतीची तारीख त्यावरूनच नीट ठरते.

वजन येतं कुठून?

सोनोग्राफीचं मशीन बाळाला तोलत नाही. डॉक्टर पडद्यावर चार मापं घेतात. डोक्याची रुंदी म्हणजे बीपीडी, डोक्याचा घेर म्हणजे एचसी, पोटाचा घेर म्हणजे एसी आणि मांडीच्या हाडाची लांबी म्हणजे एफएल. ही मापं मशीनमधल्या सूत्रात जातात आणि ग्रॅममध्ये उत्तर येतं. रिपोर्टवर त्याला ईएफडब्ल्यू म्हणतात, म्हणजे गर्भाचं अंदाजे वजन.

बहुतेक मशीनमध्ये हॅडलॉक यांचं सूत्र वापरलं जातं. अमेरिकेतल्या ह्यूस्टन शहरातले डॉ. फ्रँक हॅडलॉक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते 1985 मध्ये मांडलं. या सूत्रात पोटाच्या घेराला मोठं महत्त्व आहे, कारण बाळाचं यकृत आणि चरबी तिथेच दिसून येते. म्हणून पोटाचं माप थोडं जरी चुकलं तरी वजनाचा आकडा लगेच सरकतो.

हे आपल्याकडच्या कापसासारखं आहे. गाडीत भरलेला कापूस पाहून जाणता माणूस किती क्विंटल भरेल ते सांगतो आणि बऱ्याचदा त्याचा अंदाज जवळपास येतो. पण पैसे जिनिंगच्या काट्यावरच्या वजनाचे मिळतात. बाळाचा काटा जन्मानंतरच लागतो.

आकडा किती चुकतो?

चांगल्या मशीनवर, अनुभवी डॉक्टरांनी मापं घेतली तरी बहुतांश बाळांचं खरं वजन अंदाजाच्या 10 टक्के वर किंवा खाली असतं. काही बाळांमध्ये फरक 15 टक्क्यांपर्यंत किंवा त्याच्याही पुढे जातो. किलोत पाहिलं तर असं दिसतं :

• रिपोर्टमध्ये 2.5 किलो : 10 टक्के फरक धरला तर खरं वजन 2.25 ते 2.75 किलो, 15 टक्के धरला तर साधारण 2.1 ते 2.9 किलो.
• रिपोर्टमध्ये 3.5 किलो : 10 टक्क्यांनी 3.15 ते 3.85 किलो, 15 टक्क्यांनी साधारण 3 ते 4 किलो.
• रिपोर्टमध्ये 4 किलो : 10 टक्क्यांनी 3.6 ते 4.4 किलो, 15 टक्क्यांनी 3.4 ते 4.6 किलो.

म्हणजे "साडेतीन किलो" लिहिलेलं बाळ प्रत्यक्षात तीन किलोचंही असू शकतं आणि चार किलोचंही. बाळ खरोखर मोठं असेल तेव्हा अंदाज आणखी डळमळीत होतो. ज्या टोकाला निर्णय घ्यायचा असतो, नेमकं तिथेच सूत्र कमी पडतं.

अमेरिकेत बाळंतिणींच्या एका मोठ्या पाहणीत हेच दिसलं. सुमारे 31 टक्के महिलांना गरोदरपणात "बाळ मोठं होतंय" असं सांगितलं होतं. प्रत्यक्षात त्यांच्यापैकी साधारण पाचातल्या एकीचंच बाळ 4 किलो किंवा त्याहून जास्त भरलं.

चूक का होते?

यात प्रत्येक वेळी डॉक्टरांचा किंवा मशीनचा दोष नसतो. कारणं अशी आहेत :

• शेवटच्या दिवसांत बाळाचं डोकं ओटीपोटात खाली उतरतं. मग डोक्याचं माप नीट घेता येत नाही.
• बाळ आडवं, वाकडं किंवा पाठ वर करून असेल तर पोटाचा घेर अचूक गोल मिळत नाही.
• गर्भाशयातलं पाणी कमी झालं असेल तर चित्र अस्पष्ट दिसतं.
• आईच्या पोटावर चरबी जास्त असेल तर तीच अडचण येते.
• दोन बाळांची मापं सारखी असली तरी एकाच्या अंगात चरबी जास्त आणि दुसऱ्याच्या स्नायू जास्त असतात. सूत्राला हा फरक कळत नाही.
• माप घेणारा माणूस बदलला, मशीन बदललं की आकडाही थोडा बदलतो.

म्हणून एका सेंटरवर सोमवारी 3.2 किलो आणि दुसऱ्या सेंटरवर गुरुवारी 3.5 किलो आलं, तर बाळ तीन दिवसांत 300 ग्रॅमने वाढलं असा अर्थ काढू नये. बाळाची वाढ पाहायची असेल तर दोन सोनोग्राफींत किमान दोन आठवड्यांचं अंतर हवं.

आपल्याकडची बाळं आणि पुणे, नागपूरचे अभ्यास

"मोठं बाळ" कशाला म्हणायचं, हेही जागेनुसार बदलतं. डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या त्यांच्या सहकाऱ्यांनी 1993 ते 1996 या काळात पुण्याजवळच्या गावांतल्या गरोदर महिलांचा अभ्यास सुरू केला. तिथल्या बाळांचं जन्माच्या वेळचं सरासरी वजन साधारण 2.7 किलो होतं. त्याच संशोधकांनी तुलनेला घेतलेल्या इंग्लंडच्या साउथॅम्प्टन शहरातल्या बाळांचं सरासरी वजन साधारण 3.5 किलो होतं. आपल्या बाळांचा पोटाचा घेर आणि स्नायू बरेच कमी होते, पण कातडीखालची चरबी त्या मानाने टिकून होती. अंगाने बारीक, पण चरबीने तेवढं बारीक नाही, असं हे बाळ असतं. अमेरिकेतल्या बाळांवरून काढलेलं सूत्र अशा बाळाला तंतोतंत लागू पडेलच असं धरून चालता येत नाही.

दुसरा अभ्यास यवतमाळच्या शेजारचा आहे. आईची तब्येत आणि खाणंपिणं चांगलं असेल तर पोटातलं बाळ कसं वाढतं, हे पाहण्यासाठी जगातली आठ ठिकाणं निवडली होती. त्यात ब्राझील, इटली, ओमान, इंग्लंड, अमेरिका, चीन, केनिया यांच्यासोबत भारतातलं ठिकाण होतं नागपूर. इंटरग्रोथ-21 असं या प्रकल्पाचं नाव. साडेचार हजारांहून जास्त निरोगी गरोदर महिलांच्या ठरावीक आठवड्यांनी सोनोग्राफी करून 2014 मध्ये गर्भाच्या वाढीचे तक्ते प्रसिद्ध झाले. आठही ठिकाणची बाळं बरीचशी सारखीच वाढली.

या दोन अभ्यासांचा एकत्र अर्थ महत्त्वाचा आहे. आपलं बाळ जन्मजात छोटंच असतं असं नाही. आईचं पोषण, रक्त आणि तब्येत चांगली असेल तर तेही वाढतं. पण गावातल्या बऱ्याच गरोदर महिलांच्या बाबतीत आजही खरी काळजी बाळ फार मोठं होण्याची नसून लहान राहण्याची आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी-5 नुसार, देशात वजन नोंदवलेल्या बाळांपैकी सुमारे 18 टक्के बाळं अडीच किलोपेक्षा कमी वजनाची होती.

"बाळ मोठं आहे" म्हटलं तर?

वैद्यकीय भाषेत साधारण 4 किलो किंवा त्याहून जास्त वजनाच्या बाळाला मोठं बाळ म्हणतात. साडेतीन किलोचा अंदाज म्हणजे मोठं बाळ नव्हे. ते चांगलं भरलेलं बाळ आहे.

मोठ्या बाळाची खरी भीती डोक्याची नसून खांद्याची असते. डोकं बाहेर येतं आणि खांदा आईच्या हाडामागे अडकतो. अशा वेळी प्रशिक्षित डॉक्टर आणि नर्स काही मिनिटांत ठरावीक पद्धतीने बाळ सोडवतात. कधी बाळाच्या गळ्याजवळचं हाड मोडतं, कधी हाताच्या नसेला ताण बसतो. हा धोका वजन वाढेल तसा वाढतो. पण खांदा अडकण्याच्या जवळपास निम्म्या घटना 4 किलोपेक्षा कमी वजनाच्या बाळांत होतात. म्हणजे वजन पाहून कोणाचा खांदा अडकेल हे आधी सांगता येत नाही.

मग कळा आधीच आणल्या तर फायदा होतो का? यावर परदेशात मोठे अभ्यास झाले आहेत.

• फ्रान्स, स्वित्झर्लंड आणि बेल्जियममध्ये 822 महिलांवर झालेला अभ्यास 2015 मध्ये आला. ज्यांच्या कळा 37 ते 38 आठवड्यांत आणल्या, त्यांच्यात खांदा अडकणे किंवा त्यामुळे इजा होण्याचं प्रमाण 2 टक्के होतं. वाट पाहिलेल्यांत 6 टक्के. हाताच्या नसेची इजा दोन्हीकडे एकाही बाळाला झाली नाही. लवकर जन्मलेल्या बाळांत कावीळ मात्र जास्त होती.
• ब्रिटनमध्ये 2893 महिलांवर झालेला अभ्यास 2025 मध्ये प्रसिद्ध झाला. खांदा अडकण्याचं प्रमाण कळा आणलेल्यांत 2.3 टक्के आणि वाट पाहिलेल्यांत 3.1 टक्के होतं. संशोधनाच्या हिशेबात हा फरक पक्का धरण्याइतका नव्हता.
• चार अभ्यास आणि 1190 महिला एकत्र धरून केलेल्या आढाव्यात कळा आणल्याने बाळाचं हाड मोडण्याचं प्रमाण थोडं घटलं, पण सिझरचं प्रमाण कमीही झालं नाही आणि वाढलंही नाही. आईला खोलवर फाटण्याचं प्रमाण थोडं जास्त दिसलं.

यात एक गोष्ट नजरेआड होऊ नये. 2015 च्या अभ्यासात ज्यांचं बाळ "मोठं" धरलं, त्यांचं अंदाजे वजन 36 व्या आठवड्यात साडेतीन किलोच्या वर, 37 व्या आठवड्यात 3.7 किलोच्या वर आणि 38 व्या आठवड्यात 3.9 किलोच्या वर होतं. आपल्याकडे 38 व्या आठवड्यात 3.3 किलो पाहून होणारी घाई या अभ्यासात बसत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने 2011 मध्ये दिलेल्या शिफारशींमध्ये स्पष्ट म्हटलं की, दिवस भरलेल्या महिलेत केवळ "बाळ मोठं असावं" या संशयावरून कळा आणू नयेत. अमेरिकेतल्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनेचंही म्हणणं आहे की, फक्त या कारणासाठी 39 आठवड्यांच्या आधी कळा आणू नयेत. मधुमेह नसेल तर अंदाज 5 किलोपर्यंत गेल्यावरच ठरवून सिझर करण्याचा विचार व्हावा, अशी त्यांची मर्यादा आहे. साडेचार किलोच्या अंदाजावर सगळ्यांचं सिझर केलं, तर एका बाळाची हाताची कायमची इजा टाळायला साडेतीन हजारांहून जास्त सिझर करावे लागतील, असा हिशेब 1996 मध्येच एका अभ्यासाने मांडला होता.

मधुमेह असेल तर गोष्ट वेगळी

गरोदरपणात साखर वाढलेल्या महिलेच्या बाळाचं पोट आणि खांदे जास्त भरतात. त्यामुळे त्याच वजनाच्या दुसऱ्या बाळापेक्षा खांदा अडकण्याची शक्यता जास्त असते. इथे सोनोग्राफीचा आकडा अंदाजच असला तरी तो हलक्यात घेऊ नये. केंद्र सरकारच्या मार्गदर्शक सूचनांनुसार अशा महिलेचं अंदाजे वजन 4 किलोच्या वर असेल तर 39 व्या आठवड्यात सिझरचा विचार करता येतो. साखर ताब्यात असेल आणि बाकी सगळं ठीक असेल तर घाई करण्याची गरज नसते.

म्हणून साखरेची तपासणी चुकवू नये. पहिल्या भेटीत आणि पुन्हा 24 ते 28 आठवड्यांत 75 ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून पाजून दोन तासांनी रक्त तपासतात. साखर 140 किंवा जास्त आली तर गरोदरपणातला मधुमेह समजतात. ही तपासणी झाली नसेल आणि रिपोर्टमध्ये बाळ मोठं दिसत असेल, तर आधी साखर पाहायला सांगावं.

"बाळ लहान आहे" म्हटलं तर?

इथेही अंदाज तेवढाच चुकू शकतो. पण दुर्लक्ष केलं तर धोका जास्त असतो. वारेतून रक्तपुरवठा कमी होत असेल तर बाळ वाढत नाही आणि पोटातच दगावण्याची भीती असते. अशा वेळी डॉक्टर फक्त वजन पाहत नाहीत. डॉपलर सोनोग्राफीत नाळेतला रक्तप्रवाह, गर्भाशयातलं पाणी, बाळाची हालचाल, आईचं बीपी हे सगळं मिळून ठरवतात. डॉपलर बिघडलेला असेल तर 37 आठवड्यांच्या आसपास किंवा त्याआधीही बाळंतपण करावं लागतं. तिथे वाट पाहणं बाळाच्या जिवावर येऊ शकतं.

आई-वडील दोघंही बुटके-सडपातळ, बाळ दर दोन-तीन आठवड्यांनी आपल्या रेषेत वाढतंय, डॉपलर आणि पाणी ठीक आहे, तर तेच 2.4 किलो काळजीचं असेलच असं नाही. एका दिवसाच्या आकड्यापेक्षा वाढ थांबली आहे का, हा प्रश्न जास्त महत्त्वाचा.

उपकेंद्रात सिस्टर टेपने पोटाची उंची मोजतात. साधारण 24 आठवड्यांनंतर ती सेंटिमीटरमध्ये आठवड्यांच्या जवळपास असते. हे माप दर वेळी कार्डावर लिहून घ्यावं. बिनपैशाची ही तपासणी बाळ वाढतंय की नाही याचा चांगला इशारा देते.

तारीख चुकली की सगळंच चुकतं

रिपोर्टमध्ये बऱ्याचदा दोन तारखा दिसतात. एक पाळीवरून काढलेली, एक सोनोग्राफीवरून. शेवटच्या सोनोग्राफीची तारीख वेगळी आली की घरचे गोंधळतात.

नियम सोपा आहे. पहिल्या तीन महिन्यांतल्या सोनोग्राफीने काढलेली तारीख सर्वात भरवशाची, फरक साधारण 5 ते 7 दिवस. चौथ्या-पाचव्या महिन्यात फरक 7 ते 10 दिवस. सातव्या महिन्यानंतर मात्र तीन आठवडे किंवा त्याहून जास्त फरक पडू शकतो. कारण तेव्हा मशीन बाळाच्या आकारावरून वय काढतं, आणि मोठी-छोटी बाळं तर असणारच. पहिली तारीख नीट ठरली असेल तर नंतरच्या सोनोग्राफीवरून ती बदलू नये.

यात मोठी जोखीम आहे. नववा महिना समजून कळा आणल्या आणि बाळ प्रत्यक्षात 36 आठवड्यांचंच निघालं, तर त्याला श्वासाचा त्रास, कावीळ, दूध ओढायला जमत नाही म्हणून काचेच्या पेटीत ठेवण्याची वेळ येऊ शकते. अगदी 37-38 आठवड्यांच्या बाळांतही हे त्रास 39 आठवड्यांच्या बाळांपेक्षा जास्त दिसतात.

ऊसतोडीला किंवा इतर कामाला बाहेरगावी जाणाऱ्या महिलांची नाव नोंदणी उशिरा होते आणि सुरुवातीची सोनोग्राफी राहून जाते. पाळी चुकल्यावर लगेच आशाताईंना सांगून नाव नोंदवावं, पहिला रिपोर्ट आणि माता-बाल संरक्षण कार्ड सोबत न्यावं. मोबाईलमध्ये फोटो काढून ठेवला तरी चालतो.

कळा आणणं म्हणजे काय?

नैसर्गिक कळा येण्याआधी औषधाने त्या सुरू करणं म्हणजे इंडक्शन. आधी गर्भाशयाचं तोंड किती मऊ आणि उघडं आहे ते तपासतात. ते घट्ट असेल तर गोळी, जेल किंवा फुगा असलेली नळी ठेवतात. नंतर गरज पडली तर ऑक्सिटोसिनची सलाईन लावतात. पहिलं बाळंतपण असेल तर यात एक दिवस, कधी त्याहूनही जास्त वेळ जातो. "इंजेक्शन दिलं की दोन तासांत मोकळं" असं नसतं.

• गोळी किंवा सलाईन चालू असताना महिलेला एकटं ठेवू नये आणि बाळाचे ठोके सतत किंवा ठरावीक वेळाने तपासायला हवेत.
• शक्यतो जिथे गरज पडल्यास सिझर करता येईल अशाच ठिकाणी कळा आणाव्यात, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. झरी जामणी, मारेगाव, घाटंजीच्या आतल्या गावांसाठी हे जास्तच महत्त्वाचं. रात्री भूलतज्ज्ञ आणि रक्ताची सोय आहे का, हे भरती होण्याआधी विचारावं.
• आधीचं बाळंतपण सिझरने झालं असेल तर डॉक्टरांना ते आवर्जून सांगावं. कळा आणायच्या काही गोळ्या अशा महिलेला देत नाहीत, कारण गर्भपिशवी जुन्या टाक्याजवळ फाटू शकते.
• घरी किंवा देखरेखीशिवाय कुणाकडूनही कळांचं इंजेक्शन घेऊ नये. यात आई आणि बाळ दोघांचाही जीव जाऊ शकतो.

या वेळी उशीर करू नका

हे वाचून "डॉक्टर उगाच घाई करतात" असा समज करून घेणं तेवढंच चुकीचं ठरेल. पुढील कारणांसाठी कळा आणणं गरजेचं असू शकतं :

• बीपी वाढलं, लघवीतून प्रथिनं जातात, डोकं दुखतं, डोळ्यांपुढे अंधारी येते.
• कळा नसताना पाणी गेलं.
• साखर ताब्यात नाही.
• बाळाची वाढ थांबली किंवा डॉपलर बिघडला.
• पक्क्या तारखेनंतर आठवडा उलटला, म्हणजे 41 आठवडे पूर्ण झाले.

बाळाची हालचाल नेहमीपेक्षा कमी जाणवली, रक्तस्राव झाला किंवा झटके आले तर पुढच्या तपासणीच्या तारखेची वाट पाहू नये. त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

डॉक्टरांना काय विचारावं?

आकडा ऐकून घाबरण्यापेक्षा शांतपणे हे प्रश्न विचारावेत. चांगले डॉक्टर त्यांची उत्तरं देतात.

1. कळा आणायचं कारण फक्त वजन आहे, की आणखी काही?
2. पहिल्या सोनोग्राफीप्रमाणे आज नेमके किती आठवडे झाले?
3. मागच्या सोनोग्राफीपासून बाळ किती वाढलं? पाणी आणि डॉपलर कसं आहे?
4. साखरेची तपासणी झाली आहे का?
5. चार-आठ दिवस थांबलं तर काय धोका? आज कळा आणल्या तर काय धोका?
6. गर्भाशयाचं तोंड तयार आहे का? कळा आल्या नाहीत तर पुढे काय?
7. इथे सिझर, रक्त आणि नवजात बाळाच्या उपचाराची सोय आहे का?

हे प्रश्न विचारण्यामागे आणखी एक कारण आहे. पाहणी-5 नुसार महाराष्ट्रात सुमारे 95 टक्के बाळंतपणं दवाखान्यात होतात, आणि राज्यातली साधारण चारातली एक प्रसूती सिझरने होते. देशभरात खासगी दवाखान्यांत हे प्रमाण 47 टक्के, तर सरकारी दवाखान्यांत 14 टक्के आहे. सिझर गरजेचं असेल तेव्हा ते जीव वाचवतं. गरज होती का, हे विचारण्याचा हक्क मात्र प्रत्येकीला आहे.

सोय कुठे आहे?

दर महिन्याच्या 9 तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात सरकारी दवाखान्यांत गरोदर महिलांची मोफत तपासणी होते. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली सरकारी दवाखान्यात बाळंतपण, सिझर, औषधं, तपासण्या, रक्त आणि जाण्या-येण्याचं वाहन मोफत आहे. गुंतागुंत असेल तर यवतमाळच्या श्री वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात पाठवलं जातं. अडचणीच्या वेळी 102 किंवा 108 वर फोन करून रुग्णवाहिका बोलवावी. दवाखान्यात निघताना सगळे जुने रिपोर्ट, कार्ड आणि रक्तगटाची चिठ्ठी एका पिशवीत सोबत असावी. त्यात पहिल्या तीन महिन्यांतला रिपोर्ट सर्वात वर ठेवावा.